अजून ठरलेलं नाही

डंडी. ऑक्टोबरातला शनिवार.
टे नदीवर धुकं इतकं, की रेल्वेचा पूल
मध्येच संपल्यासारखा दिसतो
आणि गाडी त्या संपलेल्या टोकावरून
निमूट पुढे निघून जाते.

विद्यापीठाच्या दालनात ओळीने टेबलं,
मागे माणसं, लग्नात आहेर लिहून घ्यायला बसतात तशी.
जीवशास्त्र. सूक्ष्मजीवशास्त्र.
जीवरसायन, त्याच्या अंगाला खेटून रेणूंचं काहीतरी,
मग एक वर्ष कारखान्यात काढायचं असेल तर
त्याचं वेगळं, हिरवं पत्रक.
ऋजुता प्रत्येक पत्रक घेते, कोपरे जुळवते,
पिशवीत ठेवते. माझ्याकडे बघत नाही.
मी तिच्या मागे तीन पावलं,
कोट हातात, मत खिशात.

कॅलम नावाचा पोरगा, गळ्यात निळा पट्टा,
सांगतो: पहिली दोन वर्षं सगळ्यांची सारखीच.
पेशी, बुरशी, शेवाळ, आकडेमोड.
ठरवायचं ते नंतर. नाही आवडलं तर बदलायचं.
"बदलायचं?"
"हो. एक फॉर्म असतो."

एक फॉर्म असतो.

कऱ्हाडला, त्र्याण्णव साली, खिडकीतल्या कारकुनाने
माझी मार्कलिस्ट उलटी करून पाहिली होती,
जणू मागच्या बाजूला
राहिलेले दोन मार्क सापडतील.
मेडिकल गेलं. फार्मसी भरलेली.
"मायक्रोत एक सीट आहे. घेतोस का? मागे रांग आहे."
घेतली.
एसटीत रुमाल टाकणारासुद्धा
निदान खिडकी बघून टाकतो.

आता मी आर्ब्रोथच्या रस्त्यावर
सांडपाण्याच्या केंद्रात रात्रपाळीला असतो.
ऋजुता मैत्रिणींना सांगते, बाबा पाण्याच्या खात्यात आहेत.
कुठल्या पाण्याच्या, ते सांगत नाही.
मीही घरात शिरण्याआधी
दोनदा साबण लावतो.

वरच्या मजल्यावर प्रयोगशाळा उघडी ठेवलेली.
मिसेस गिलेस्पी ड्रॉपरने एक थेंब काचेवर सोडते,
करड्या, ढगाळ पाण्याचा,
आणि म्हणते, बघा, काय दिसतं ते सांगा.
पोरं एकेक वाकतात, हसतात, सरकतात.
ऋजुता वाकते ती उठतच नाही.
"घंटा आहेत," ती म्हणते, चुकून मराठीत,
"देठावरच्या. आणि कुणी शिवल्यासारखा
देठ एकदम गुंडाळतो."

"व्होर्टिसेला," मी म्हणतो.
तीन पावलं मागून. काचेत न बघता.
मग थांबता येत नाही:
"गाळ चांगला आहे. हवा नीट मिळतेय त्याला.
या दिसेनाशा झाल्या की समजायचं,
वरून कुणीतरी भलतंच काही ओतलंय."

मिसेस गिलेस्पी चष्मा कपाळावर चढवते.
"कुठे शिकवता तुम्ही?"
"शिकवत नाही. सांभाळतो. रात्री."

ऋजुता वळते.
एक डोळा अजून मिटलेलाच,
आणि उघड्या डोळ्याने ती माझ्याकडे बघते,
भिंगाची सवय न सुटलेल्या नजरेने,
जरा जास्तच वेळ.

बाहेर पडताना एक अर्ज: नाव, पत्ता, पसंतीचा विषय.
ती पेनाचं टोपण दातांवर वाजवते,
सगळ्यात खालच्या चौकोनात खूण करते,
अजून ठरलेलं नाही,
खूण रेघेबाहेर जाऊ न देता.

गाडीत बसलो तरी पूल दिसत नाही.
"बाबा, थंडीत मरतात का त्या?"
"मंदावतात. मग आपण गाळ थोडा जास्त ठेवायचा,
आणि घाई करायची नाही."
वायपर दोनदा फिरतो, पाऊस नसताना.
"आज पाळी आहे तुझी?"
"दहाला."

किंगवेवरचे तीन सिग्नल ती काही बोलत नाही.
मग, खिडकीकडे तोंड करून:
"गमबूट लागतील ना मला?"

जास्तीचा एक जोड आहे. नऊ नंबरचा.
तिचा पाय पाचाचा.
जाड मोजे घातले तर, मी हिशेब करतो,
दोन. की तीन.